डबडं

दर रविवारी सकाळी माझा फोन मला प्रगतीपुस्तक देतो, या आठवड्यात तुम्ही रोज सरासरी इतके तास स्क्रीन बघितलीत वगैरे. एरवी मी ते दिसल्या दिसल्या अंगठ्याने सरकवून टाकतो, पण त्या रविवारी फोन टेबलावर उताणा पडलेला आणि पोहे घेऊन आलेल्या बायकोने ते वाचलं. मोठ्यांदा वाचलं. शेजारच्या गॅलरीत मिरच्या वाळत घालणाऱ्या काकू मधेच थांबल्या इतक्या मोठ्यांदा. "सहा तास बारा मिनिटं! अरे एवढा तर तू झोपत पण नाहीस!" हिशोब बरोबर होता, म्हणून जास्त लागलं.

मग मी तिथेच, हातात लिंबाची फोड धरून जाहीर केलं की आजपासून स्मार्टफोन बंद, मी बटणांचा फोन वापरणार. दहावीतल्या लेकीने मान पण वर केली नाही. "किती दिवस?" म्हणाली. का नाही, किती दिवस!

माझा उत्साह मात्र खरा होता कारण माळ्यावरच्या डब्यात बाबांचा नोकिया ११०० होता. २००३ साली आलेला, २५ कोटींच्या आसपास विकला गेलेला, वर टॉर्च असलेला तो. धूळ जाऊ नये म्हणून बटणांवर एकसंध रबर. त्या काळात आमच्याकडे मिरजेला लोडशेडिंग इतकं असायचं की बाबांनी त्याच्यावरून फोन कमी केले आणि टॉर्च जास्त वापरला, एकदा तर कॉल चालू असतानाच ते जिन्यात उजेड पाडत होते आणि पलीकडचे गृहस्थ हॅलो हॅलो करतायत. त्याची बीएल-५सी बॅटरी आजही कुठेही मिळते, ती भजनं वाजवणारे छोटे स्पीकर असतात ना, त्यांच्यात पण हीच असते. तापकीर गल्लीत जाऊन घेऊन आलो. चार्जिंगला लावला, आणि काय सांगू, लागला! आता सिम घातलं की झालं.

सिमची जागा २५ बाय १५ मिलिमीटरची आणि माझं नॅनो सिम १२.३ बाय ८.८. आमराईत बाज टाकल्यासारखं दिसायला लागलं ते. मग लेकीने कुठून तरी प्लास्टिकची चौकट आणली, तिच्यात बसवलं. फोन सुरू झाला आणि फोनमधल्या मेमरीत बाबांची नावं तशीच! रवी गॅस. पेपरवाला. नाना जुना, नाना नवीन, नाना नवीन २. (नाना एकच होते, नवी स्कीम आली की सिम बदलायचे.) आणि मी होतो 'चिरंजीव ऑफिस'. घरचा नंबर वेगळा असणार म्हणून ऑफिस लिहिलेलं, पण मला घरच्या नंबरावर बाबांनी कधी फोन केल्याचं आठवत नाही, ते आईचं खातं.

पण रेंज येईना. तासभर गॅलरीत हात वर करून उभा होतो. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराने सांगितलं, "काका, तुमच्या कंपनीचं सगळं ४जी आहे, हा फोन २जी. जन्मात नाही लागणार." म्हणजे फोन ठणठणीत, बॅटरी नवी, सिम चालू, फक्त दोघांची भाषा एक नाही. स्थळ चांगलं आहे पण पत्रिका जुळत नाही तसं. मग ४जीवाला बटणांचा फोन घ्यावा लागला. साधेपणाचा पहिला हप्ता अठराशे रुपये.

नंबरांची कथा वेगळीच. माझे सगळे नंबर त्या स्मार्टफोनच्या खात्यात, नव्या फोनमधे शून्य. मी वहीत एकेक उतरवून घेत बसलो तर बायको म्हणाली, "पाठ किती आहेत तुला?" मी म्हटलं, माझा आहे, मिरजेच्या घरचा जुना लँडलाइन आहे, आणि आमच्या शाळेजवळच्या सायकलवाल्याचा आहे. "आणि माझा?" या प्रश्नावर मी पहिले सहा आकडे बरोबर सांगितले. सहा बरोबर असणं हे एकही बरोबर नसण्यापेक्षा वाईट असतं हे त्या दिवशी कळलं.

पहिले दोन दिवस मात्र स्वर्ग. खरंच सांगतो. फोन वाजला तरच फोन, नाहीतर खिशात सुपारीच्या डबीसारखा पडून. बॅटरी चार दिवस. फोन ठेवताना लाल बटण टचकन दाबायचं, त्यात जो राग निघतो तो काचेवर बोट टेकवून निघत नाही. मित्रांना मेसेज पण केले. मराठीत लिहिणार म्हणून हट्ट. आता गंमत अशी की रोमन लिपीत एका एसेमेसमधे १६० अक्षरं मावतात आणि देवनागरीत फक्त ७०, त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडलेला तो हलंत सगळं वेगळं मोजतात. एकटे श्रीकृष्णच ९ अक्षरं खातात. त्यामुळे माझी मराठी एकदम सुधारली. 'पोचलो. जेवलो. उद्या बोलू.' आधी याच मजकुराला मी दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवायचो.

आणि मिस कॉल! त्याची तर मी इतकी भाषणं दिली घरात. म्हटलं, १९९५ च्या ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल लावला, तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर आणि वर येणाऱ्या कॉलचे पण पैसे! २००३ पर्यंत फोन उचलणं हा पण खर्चच होता, म्हणून एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे मरतंय कुणीतरी, उचल. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मला कालपासून सात मिस कॉल दिलेत, मला वाटलं फोन खिशात दाबला जातोय."

तिसऱ्या दिवशी भाजीला गेलो. पाकिटात रोख फक्त पाचशेची नोट, आणि मावशींचं बिल ६५ रुपये. मावशी म्हणाल्या स्कॅन करा. मी छाती पुढे काढली. म्हटलं मावशी, २०२२ पासून साध्या फोनवरून पण यूपीआय होतं, नुसता फोन लावायचा, नेट नको काही नको. आणि लावला. बाई बोलायला लागली. भाषेसाठी हे दाबा, पैसे पाठवायला ते दाबा, ज्यांना पाठवायचे त्यांचा नंबर टाका. मावशी नंबर सांगतायत, मागून टेम्पो हॉर्न देतोय, मी एक आकडा चुकलो, परत पहिल्यापासून. माझ्यामागे पाच जण उभे. त्यातल्या एका आजींनी माझ्या खांद्यावरून हात घालून स्कॅन केलं, मावशींचा डबा ओरडला 'पंचवीस रुपये प्राप्त', आजी कोथिंबीर घेऊन गेल्या पण. माझी बाई अजून पिन विचारत होती. "राहू दे दादा," मावशी म्हणाल्या, "वहिनींना सांग पाठवायला."

वहिनींना सांग! खरं तर तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कारण हळूहळू सगळंच वहिनींकडे जायला लागलं होतं. रिक्षा हवी असली की मी बायकोला फोन करायचो, ती तिच्या ॲपवर बोलवायची, रिक्षावाला तिला फोन करायचा, ती मला सांगायची की तो मेडिकलसमोर उभा आहे, मी म्हणायचो कुठलं मेडिकल, ती त्याला विचारायची. कोथरूडला एकाकडे जेवायला जायचं होतं, त्याने लोकेशन पाठवलं, अर्थात तिला. मी स्कूटरवर आणि ही घरून विमानतळाच्या टॉवरसारखी, "आता डावीकडे, अरे डावीकडे म्हटलं, तू कुठे आहेस आत्ता?" कुठे आहे हे माहीत असतं तर! सोसायटीचं पाणी कधी येणार, लेकीच्या क्लासची वेळ बदलली का, माझ्या ऑफिसमधल्या साहेबांनी रात्री दहाला ग्रुपवर काय टाकलं (साहेबांनी तिलाच ग्रुपमधे घेतलं, आणि ती माझ्यापेक्षा लवकर उत्तर देते म्हणून खूश पण झाले), सगळं तिच्या फोनवर. मी रात्री दिवाणावर पुस्तक घेऊन आडवा, मन शांत, चेहऱ्यावर तेज, आणि दर पाच मिनिटांनी, "अगं, जरा बघ ना..."

आईचा तर वेगळाच प्रकार. ती ७४ वर्षांची, रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल. आता मी दिसेना. "काय रे, तोंड दाखवायला लाज वाटते का?" मी तिला समजावलं की आई, मी साधेपणाकडे वळलोय. ती म्हणाली, "बाळा, पैशाची अडचण असेल तर सांग, मी पाठवते, स्कॅनर टाक." दुसऱ्या दिवसापासून ती सुनेला कॉल करायला लागली आणि सून फोन माझ्यापुढे धरून उभी राहायची, वीस वीस मिनिटं, पोळी करता करता. आईच्या स्क्रीनवर मी आणि लाटणं आलटून पालटून.

आणि मग रविवार आला. परत पोहे. या वेळी बायकोचा फोन टेबलावर उताणा होता. सात तास चाळीस मिनिटं. गेल्या महिन्यात तिचे तीन होते. मी मोठ्यांदा वाचणार होतो, पण तिच्याकडे बघितलं आणि तोंडात पोहे कोंबले.

ती काही बोलली नाही. शांतपणे माझा डबडा फोन उचलला, मागचं झाकण नखाने उघडलं, माझं सिम काढून माझ्या बशीत शेंगदाण्यांशेजारी ठेवलं आणि तिचं सिम आत घातलं. "आजपासून हा माझा," म्हणाली. "तुझा तू काढ माळ्यावरून. आणि माझा पण तूच बघ, वायफायवर व्हॉट्सॲप चालू राहतं त्याच्यात." आणि चपला घालून बाहेर गेली, कुठे ते सांगितलं नाही.

आता माझ्यापुढे दोन स्मार्टफोन आहेत. माझ्यात ऑफिसचे बाराशे मेसेज तुंबलेत. तिच्यात भिशीच्या ग्रुपवर गुरुवारी उपास असताना बटाटेवडे कसे चालतील यावर त्रेचाळीस मेसेज झालेत आणि दोघीजणी तिचं मत विचारतायत, मी आत्तापर्यंत नुसते हात जोडलेले टाकलेत. तेवढ्यात माझा वाजला. तीच.

"अरे ऐक, मी मेडिकलसमोर उभी आहे. जरा रिक्षा बघ ना."

म्हटलं, कुठलं मेडिकल?