गॅस शेगडीची काच का फुटली आणि आमचं काय चुकलं, १ स्टार देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचला, घरी जाऊन परत एकदा वाचला. उत्तर द्यायला उशीर झाला कारण आधी त्या दिवशी तुमच्याकडे आलेल्या पोराला समोर बसवून विचारायचं होतं.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताईंचं म्हणणं असं की आमच्या माणसाने ४५० रुपये घेऊन तीन बर्नरची ग्लास टॉप शेगडी साफ केली, पांढरे डाग होते तसेच राहिले, एक नॉब जड झाला, आणि तीन आठवड्यांनी पाडव्याच्या सकाळी पुरणाची डाळ शिजत असताना काच धाडकन फुटली. आमच्या केमिकलने काच कमजोर केली असं त्यांना वाटतं. आणि फोन केला तर "आमची जबाबदारी नाही" म्हणून ठेवून दिला.

फोनवर मीच होतो. गुढी उभारायची घाई होती, दोन ओळी ऐकल्या आणि तोडून टाकलं, हे चुकलंच माझं. तुमचा फोटो दुपारी बघितला. पातेल्यात साबुदाण्याएवढे काचेचे खडे, डाळीत, ओट्यावर, खाली फरशीवर पण. घरात पाहुणे आणि सगळी डाळ फेकायची, वर कोणाला लागलं असतं तर? राग येणारच.

आता मुद्द्याचं. आमची माणसं काम सुरू करायच्या आधी शेगडीचा फोटो काढतात, तसा तुमच्या शेगडीचा पण आहे. तो मोठा करून बघितला तर पुढच्या कडेला, डाव्या नॉबच्या वर, ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडालेला स्पष्ट दिसतोय. म्हणजे टवका आधीचा, आमच्या हातून झालेला नाही. पण पोराला विचारलं तर म्हणतो, दिसला होता पण ताई घाईत होत्या म्हणून बोललो नाही. इथे आमचं चुकलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच आहे, डाग राहिले नॉब जड झाला त्याहून मोठी. टवका बघितला तर सांगायचं आणि बिलावर लिहायचं, आणि ही शेगडी वापरू नका आधी काच बदला असं तोंडावर म्हणायचं. ते झालं नाही.

कारण ही काच साधी नसते. टफन काच बनवताना तिला ६०० डिग्रीच्या वर तापवतात आणि मग हवेच्या झोताने झटकन गार करतात, त्यामुळे वरचा थर आवळलेला राहतो आणि आतला ताणलेला. म्हणून तर तिच्यावर कुकर आदळला तरी बऱ्याचदा काही होत नाही. पण कडेला टवका उडून तो आतल्या ताणापर्यंत गेला की तडा जाऊन थांबत नाही, अख्खी काच एका क्षणात बारीक तुकडे होऊन मोकळी होते. आणि हे टवका उडाला त्याच दिवशी होईल असं नाही, आठवड्यांनी महिन्यांनी पण होतं, गॅस बंद असताना सुद्धा होतं. लोक म्हणतात आपोआप फुटली. काच बनतानाच आत बारीक खडा राहिला तर तशी पण फुटते, नाही असं नाही, पण माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच फुटलेल्या काचांची कहाणी कडेपासूनच सुरू होते. शेगडी खालून पुसायला तिरकी उभी केली, सिंकच्या ग्रॅनाइटला कड लागली, एवढं पुरतं.

दुसरं तुमच्या फोटोतलं पातेलं. ते स्टँडच्या बाहेर चांगलं वीतभर आलंय आणि एका बाजूला सरकलंय. एवढं रुंद भांडं मोठ्या आचेवर ठेवलं की ज्योतीला वर जायला वाव नसतो, ती भांड्याच्या बुडाखालून पसरते आणि सगळा ताव काचेवर बसतो. बर्नरजवळ काच तापलेली आणि कडेला गार, त्यात कडेला टवका. मग वरून उतू गेलेलं पुसायला ओला फडका फिरवला असेल तर झालंच. फिरवला होता का मला माहीत नाही, आरोप करत नाहीये, सणाच्या गडबडीत आमच्या घरी पण फिरतो.

केमिकलचं म्हणाल तर त्या दिवशी वापरलं ते भांड्याचं लिक्विड, खायचा सोडा आणि पांढरं व्हिनेगर, बास. यातल्या कशानेही काच कमजोर होत नाही. कॉस्टिकवाले क्लीनर आम्ही ठेवतच नाही, ते काचेची चकाकी पण मारतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे बर्नर काळे करतात.

पांढऱ्या डागांचं. आपल्या भागात टँकरचं नाहीतर बोरचं पाणी, ते काचेवर वाळलं की क्षार बसतात. ते व्हिनेगरने जातात आणि तुमचे गेले पण, आधीच्या-नंतरच्या फोटोत फरक आहे. जे राहिलं तो डाग नाही, चरे आहेत. ओळखायचं कसं तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं ठेवा, पुसा, काडीचा फरक पडला नाही तर ते चरे समजा. तुमच्या सिंकपाशी तारेची घासणी आणि भांडी घासायची पावडर होती असं पोरगा म्हणाला. त्या पावडरीने कढईचं बूड निघतं तसं काचेचं पण निघतं. गेलेली चकाकी परत आणणं निदान आमच्या हातात नाही, कोणी पॉलिश करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. मात्र हे चरे आहेत हे तुम्हाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, हे मान्य.

नवीन काच बसली की घासायची गरजच पडू देऊ नका. शेगडी गार होऊ द्या, आधी कोरड्या फडक्याने रवा मीठ कचरा उचलून घ्या कारण तो कचराच पुढे चरे पाडतो, मग लिक्विडचा पिळलेला स्पंज. करपलेलं असेल तर सोड्याची पेस्ट लावून वर ओलं फडकं दहा मिनिटं झाकून ठेवा, आपोआप सुटतं. शेवटी कोरडं पुसा, टँकरचं पाणी काचेवर वाळू द्यायचंच नाही. आणि तांब्याने पाणी ओतून शेगडी धुवायची सवय असेल तर ती आजच सोडा, पाणी नॉबच्या दांडीतून आत जातं, ग्रीस जातं आणि नॉब जड होतो. तुमचा नॉब मात्र पोराने साफ करून ग्रीस न लावता बसवला, तो आमचा दोष, फुकट करून देणार. (बर्नर आणि जेट, म्हणजे गॅस येतो ती बारीक भोकाची तोटी, उघडून साफ केले, पिवळी ज्योत निळी झाली, भांडी काळी व्हायची थांबली, ते रिव्ह्यूत आलं नाही, पण असू दे.)

बहिणीच्या इंडक्शनची काच दहा वर्षं टिकली म्हणालात, तर चांगल्या इंडक्शनवर असते ती वेगळ्या जातीची काच, ती तापली तरी जवळजवळ पसरतच नाही. तिचं वैरी साखर, पाक सांडून चिकटला तर ओढताना काचेचा पापुद्रा घेऊन निघतो. तुलना नको.

आणि एक, कोणीतरी ६०० रुपयांत काच कापून बसवून देतो म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. प्लीज नको. टफन झाल्यावर काच कापताच येत नाही, कापायला गेलं की तिथेच चुरा होतो, म्हणजे तो साधी काच कापून देणार. ती आचेवर तडकते आणि तिचे खडे नाही, सुऱ्यासारखे तुकडे होतात.

मी काय करणार ते सांगतो. ४५० परत, आजच. नवीन काच तुमच्या मॉडेलची, मला पडेल त्या भावात, बिल दाखवून, बसवायची मजुरी नाही. काचेचे पूर्ण पैसे मी देणार नाही कारण टवका आमचा नव्हता, आणि तुम्हाला हे पटलं नाही तर १ स्टार तसाच ठेवा, मला चालेल.

तोवर रेग्युलेटर बंद ठेवा आणि काचेशिवाय एखादा बर्नर चालवून बघायचा मोह टाळा. शेगडी उलटी करू नका, आत अजून खडे असतील, ते जेटमध्ये जातील. मॉडेल नंबरचा स्टिकर खालच्या बाजूला असतो, मोबाइल खाली सरकवून फोटो काढा आणि दुकानाच्या नंबरवर टाका, शनिवारी माप घ्यायला मी स्वतः येतो.