गेंगर आणि सायकिक: एक खुलासा
‘पहिल्या पोकेमॉन गेममध्ये भूत प्रकारातला गेंगर सायकिक (मानसिक शक्तीने लढणाऱ्या) प्रकारच्या पोकेमॉनचा कर्दनकाळ होता,’ असा दावा फिरतोय. तो चुकीचा आहे. १९९६च्या रेड-ग्रीनमध्ये भुताच्या ‘लिक’ (चाटणे) या हल्ल्याचा सायकिकवर शून्य परिणाम व्हायचा. गेममध्ये आकडेवारीच चुकून तशी भरली गेली होती. गंमत म्हणजे गेममधल्या सॅफ्रन शहराच्या जिममधला (पोकेमॉन लढतींच्या आखाड्यातला) माणूस ‘सायकिक फक्त भुतांना आणि किड्यांना घाबरतात’ असं छातीठोक सांगतो! त्याच्यावर विश्वास ठेवून गेंगर उतरवला की संपलंच, कारण गेंगर विषारीही आहे आणि विषारी पोकेमॉनला सायकिकचा मार दुप्पट बसतो. चाटून काही होत असतं, तरी ‘लिक’ची ताकद जेमतेम २०. शून्य परिणामाची ही चूक १९९९च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये सुधारली.