क्रोमियमच्या गोळीने मधुमेहाचं औषध सुटत नाही

‘रोज क्रोमियमची एक गोळी घ्या, तीन महिन्यांत मेटफॉर्मिन बंद करा’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही. (क्रोमियम हे एक खनिज, तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध.)

दावा अगदीच हवेतून आलेला नाही. १९९७ साली चीनमधल्या १८० मधुमेहींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १००० मायक्रोग्रॅम क्रोमियम घेणाऱ्यांची साखर त्यात खरोखर उतरली होती. पण मेसेजमध्ये नेमकं गाळलेलं वाक्य हे, की त्या लोकांनी आपली नेहमीची औषधं चालूच ठेवली होती! नंतरच्या चाचण्यांत निकाल उलटसुलट आले, आणि २००५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने क्रोमियम पिकोलिनेट (गोळ्यांत वापरलं जाणारं क्रोमियमचं एक रूप) आणि मधुमेहाचा संबंध अत्यंत अनिश्चित ठरवला.

मॅग्नेशियम या दुसऱ्या खनिजाचं थोडं वेगळं आहे. मधुमेहींमध्ये ते कमी असल्याचं बऱ्याचदा आढळतं. कमतरता असेल तर ती भरून काढावीच, पण डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर हेच मॅग्नेशियम रक्तात साठत जातं.

मेसेज वाचून कुणी औषध थांबवलं असेल, तर कृपया आजच साखर तपासून घ्या आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.