दोन मिनिटांत निघणारं कुलूप लावायचं तरी कशाला?

नमस्कार,

वर्डच्या फाइलमधले नको ते बदल कसे रोखावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर द्यायच्या आधी तुम्ही म्हणता ते स्वतः करून पाहिलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग'चं कुलूप, म्हणजे पासवर्ड घालून फाइलमधले बदल रोखण्याची वर्डमधली सोय, दोन मिनिटांत निघतं. तुम्ही पाठवलेल्या कराराच्या मसुद्यात समोरच्याने मुदतीचं कलम बदललं आणि फाइल कुलपासकट परत पाठवली. तेव्हा असले उपाय सुचवून मी वाचकांची दिशाभूल करतेय, त्यापेक्षा सरळ पीडीएफ पाठवा म्हणून सांगावं.

कुलपाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी एका लॉक केलेल्या फाइलची प्रत काढली, नावापुढचं 'डॉक्स' पुसून 'झिप' केलं (वर्डची फाइल म्हणजे आतून अनेक छोट्या फाइलींचं झिप-गाठोडंच असतं) आणि उघडली. आत 'वर्ड' नावाचं फोल्डर, त्यात 'सेटिंग्ज' नावाची छोटी फाइल, आणि त्या फाइलीत 'डॉक्युमेंट प्रोटेक्शन'ची एकच ओळ. ती ओळ काढली, पुन्हा झिप केलं, आणि फाइल बिनबोभाट उघडली. हवं तिथे लिहिता येत होतं. खरा पासवर्ड त्या ओळीत नसतोच. लाखभर वेळा घुसळून काढलेलं त्याचं एक रूप तेवढं असतं, त्यावरून पासवर्ड शोधणं अवघड. पण कोयंडाच उपसता येत असेल तर कुलूप फोडतंय कोण? या फाइल-प्रकाराचं २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक झालं. ही सोय सुरक्षेसाठी नाही, अनवधानाने होणारे बदल टाळण्यासाठी आहे, असं त्या मानकातच लिहिलेलं आहे. मी मात्र लेखात 'फाइल सुरक्षित होते' असं लिहिलं होतं. ते चूक होतं. वाक्य बदललं आहे.

पण म्हणून हे कुलूप निरुपयोगी आहे, हे मला मान्य नाही. एकदा आम्ही सातजण मिळून एक नियमावली तयार करत होतो. शेवटच्या फेरीत कुणाला तरी 'सभा'ऐवजी 'बैठक' हा शब्द बरा वाटला आणि त्याने 'रिप्लेस ऑल' दाबलं. सभासदांचे 'बैठकसद' झाले, सभागृहाचं 'बैठकगृह' झालं. उलट 'सभेत', 'सभेला' ही रूपं मात्र जशीच्या तशी राहिली, कारण त्यांत 'सभा' ही अक्षरं नाहीत. हे लक्षात आलं तेव्हा प्रती छापून झाल्या होत्या. त्या माणसाच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्या फाइलवर याच कुलपातलं 'ट्रॅक्ड चेंजेस'चं बंधन असतं तर प्रत्येक बदल समासात रंगीत खुणेनिशी दिसला असता, आणि पासवर्डशिवाय त्या खुणा कुणाला पुसता आल्या नसत्या. माझ्या हातून गेलेल्या कागदपत्रांचं बहुतेक नुकसान असंच झालं आहे, घाईने, चांगल्या हेतूने, न सांगता. झिप उघडून ओळी खोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला भेटला, म्हणून तुमचा राग समजतो.

पीडीएफचं म्हणाल, तर अंतिम प्रत मीही पीडीएफमध्येच पाठवते. पण वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट वर्डमध्ये उघडून बदलता येते. शिवाय ज्यांनी मसुद्यावर सूचना लिहायच्या आहेत त्यांच्या हाती पीडीएफ दिली, की सूचना वेगळ्या ईमेलमध्ये येतात आणि कुठली सूचना कुठल्या परिच्छेदाची, हे शोधत बसावं लागतं. 'मार्क ॲज फायनल', म्हणजे फाइल अंतिम असल्याची खूण करण्याची वर्डमधली सोय, तिच्याबद्दल फार लिहीत नाही. 'एडिट एनीवे'वर एक क्लिक केलं की संपलं.

फाइल उघडण्यासाठीचा पासवर्ड मात्र खरोखर भक्कम आहे, कारण त्यात सगळा मजकूरच कूटबद्ध होतो. अशी फाइल झिप म्हणून उघडतच नाही. पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो काढून देऊ शकत नाही. पण तुमच्या प्रसंगात त्याचाही उपयोग नव्हता. समोरच्याला मसुदा वाचायचा होता, म्हणजे पासवर्ड द्यावाच लागणार. आणि ज्याला उघडता येतं त्याला बदलताही येतं.

कुलूप जागेवर होतं म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात, ते स्वाभाविकच होतं. पण काढलेली ओळ जशीच्या तशी परत चिकटवता येते, मग तुमचाच पासवर्ड त्याला लागतो. कुलपावरून मजकुराची खात्री होत नाही. ती डिजिटल सहीने होते. सहीनंतर एक स्वल्पविराम जरी हलला तरी सही अवैध ठरते. बदल करायला ती अडवत नाही, पण लपूही देत नाही.

सही नसेल तर आपली मूळ प्रत हाच आधार. तुमची प्रत पाठवलेल्या ईमेलमध्ये असेलच. ती उतरवून घ्या, रिव्ह्यूमधलं 'कम्पेअर' उघडा, मूळ म्हणून ती आणि सुधारित म्हणून परत आलेली फाइल निवडा. कुलपामुळे तुलना अडली तर आधी दोन्हींच्या प्रतींवरचं कुलूप काढा. 'मोअर'मध्ये जाऊन 'फॉरमॅटिंग'ची खूण काढायला विसरू नका, नाहीतर फॉन्टच्या फरकांच्या गर्दीत शब्दांचे बदल हरवतील. मुदतीचं कलम तुमच्या नजरेला पडलं, पण ते एकटंच बदललेलं असेल असं धरून चालू नका. रकमा, तारखा आणि 'नाही' हा शब्द जिथे जिथे आहे त्या ओळी आधी बघा.