राजदूतले एक चक्कर मारू द्या

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावात जुन्या गाड्यांची रॅली निघाली. बस स्टँड ते तहसील, जेमतेम दीड किलोमीटर. त्याला पाऊण तास लागला, कारण सगळ्यांच्या पुढे डीजे होता. मी बाबांची राजदूत मोटारसायकल घेऊन गेलो होतो. पहिला गिअर, क्लच दाब, क्लच सोड, पुन्हा दाब. पोस्टासमोर तिने दोन आचके दिले अन् बंद पडली.

प्लग काढला. काळा, ओला, टोकाशी तेलाचा थेंब लोंबत होता. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. गाडी पळाली तर ते जळून जाते, रांगली तर प्लगावर येऊन बसते. त्यात सिलिंडर हवेवर थंड होणारा, म्हणजे गाडी चालली तरच त्याला वारा. डीजेच्या मागे कसला वारा? पानठेल्यावाल्याकडून ब्लेड घेतली, कार्बन खरवडला, पेट्रोलात धुतला, फुंकर मारली, बोट भाजून घेतले. तोवर रॅली तहसीलला पोचून फोटोही काढून झाले होते.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट झाली. नव्या गाड्या घेऊन पोरे मध्येच घुसली. एकाने पुढचे चाक उचलून दाखवले आणि खाली येताना एका म्हाताऱ्या बुवाच्या लुनाला घासला. बुवाचा गुडघा सोलला, लुनाचा आरसा गेला. पोराचे नाव लिहीत नाही, आमच्याच गल्लीतले आहे.

संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर मेसेज आला, “हे चाळे बंद करा. जुन्या गाड्या दाखवायच्या असतील तर शाळेच्या पटांगणात उभ्या करा, ज्याले पाहायचे तो येऊन पाहीन.” खाली अंगठ्यांची रांग. मी दोनदा उत्तर लिहिले, दोनदा खोडले. म्हणून इथे सावकाश लिहून राहिलो.

माझे मोटार वायंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरची मोटार टेबलावर कितीही चकचकीत दिसो, पाणी फेकल्याशिवाय शेतकरी पैसे देत नाही, आणि बरोबरच करतो. पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली उभा करतो ते वेगळे. बैल कसा आहे हे औताला जुंपल्यावरच कळते. उभ्या राजदूतमध्ये पाहण्यासारखे आहे काय? पत्रा आणि रंग. किक मारल्यावर ती आधी खोकते, मग एक ठोका, मग दोन, मग लय सापडते, निळा धूर, तो वास. गाडी म्हणजे एवढे सगळे. पटांगणात उभी केली तर ती पंचायतीच्या भंगार टँकरची बहीण.

रेसच्या गाड्यांचे तर आणखीच. मी रात्री दुकान बंद केल्यावर त्यांचे व्हिडिओ पाहतो. त्या फेरफटका मारायला बनवलेल्याच नाहीत. मोटारसायकलच्या जुन्या रेसमध्ये गाडी बंद ठेवून उभे राहायचे, झेंडा पडला की ढकलत पळायचे आणि उडी मारून बसायचे. धक्का स्टार्ट! आमच्याकडे हे अर्धे गाव रोज करते आणि त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

त्या गाड्यांच्या वासाबद्दल जाणकार लोक फार हळवे होऊन बोलतात. शोधले तर कळले की तो एरंडेलाचा वास आहे. जुन्या रेस इंजिनात एरंडेल तेल घालत, कारण तापलेल्या धातूला ते घट्ट धरून राहते. कॅस्ट्रॉल हे नाव ‘कॅस्टर’वरूनच आले, म्हणजे आपला एरंडच. मला हसूच आले. आमच्या आजोबांच्या बंडीच्या आसाला जे ओंगण लागायचे त्यातही एरंडेलच. फक्त हे तेल पेट्रोलशी नीट मिसळत नाही आणि इंजिनात चिकटा धरते, म्हणून रेस झाली की काढून टाकावे लागते. ते भरून गाडी काचेमागे ठेवली तर आतून गोंद.

म्हणजे जुनी गाडी टिकवायची तर चालवावी लागते. चालवायची कुठे, एवढाच प्रश्न आहे, आणि तो जगात लोकांनी सोडवून ठेवला आहे.

इटलीत मिले मिलिया नावाची शर्यत होती, १९२७ पासून. ब्रेशियाहून रोम आणि परत, हजार मैल, चालत्या गावांमधून, उघड्या रस्त्यावर. १९५७ मध्ये एका फेरारीचे टायर फुटले, गाडी लोकांत घुसली. दोघे गाडीतले आणि नऊ बघे गेले, त्यांत पाच लेकरे. शर्यत तिथेच बंद. पण त्यांनी गाड्या पटांगणात उभ्या केल्या नाहीत. १९७७ पासून त्याच नावाने पुन्हा सुरू केले, फक्त वेग काढून टाकला. आता ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या सेकंदाला पोचायचे असते. लवकर आला तरी गुण जातात, उशिरा आला तरी जातात. गाड्या त्याच, १९५७ पर्यंतच्या.

फ्रान्समधल्या अंगुलेम गावात जुन्या तटाभोवतीच्या अरुंद गल्ल्यांतून जुन्या रेस कार पळतात. अमेरिकेत पिट्सबर्गला १९८३ पासून शेनली पार्कच्या रस्त्यांवर. मोनॅकोत १९९७ पासून जुन्या ग्रां प्री गाड्या गावाच्या त्याच वळणांवर आणतात, अन् तिथे खरीच शर्यत लावतात. तेवढे आपल्याला नको, आपली छाती तेवढी नाही.

मला सगळ्यात आवडते ते लंडन ते ब्रायटन. इंग्लंडात यंत्राच्या गाडीपुढे एक माणूस पायी चालवायचा कायदा होता. १८९६ मध्ये तो उठला, आणि त्या आनंदात नोव्हेंबरच्या १४ तारखेला लोकांनी गाड्या ब्रायटनपर्यंत नेल्या. आजही दर नोव्हेंबरात १९०५ च्या आधीच्या गाड्या पहाटे निघतात. त्यांनी १८९६ मध्ये गाडीपुढचा माणूस काढला. आपण २१व्या शतकात गाडीपुढे डीजे लावला.

“ते फॉरेन आहे,” असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या देशातले सांगतो. दिल्लीत स्टेट्समन या वर्तमानपत्राची विंटेज रॅली १९६४ पासून आहे. रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा जॉन मॉरिस कंपनीचा आगीचा बंब तिथे स्वतःच्या चाकांवर चालला आहे. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेन सागरच्या काठचे रस्ते बंद करून इलेक्ट्रिक रेस कार पळवल्या. चेन्नईत २०२४ मध्ये भर शहरात रात्रीची रेस झाली. म्हणजे पैसा असला की रस्ता बंद होतो. आमच्याकडेही होतो म्हणा. साहेबांचा दौरा असला की होतो, वरात निघाली की होतो, गणपतीचा मांडव पडला की दहा दिवस होतो.

आणि खरे सांगू, हे आपल्याला शिकवायची गरजच नाही. आपल्याकडे शंकरपट आहे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत.

बाबा ढोराच्या दवाखान्यात नोकरीला होते. तळेगाव दशासरच्या पटाला ते जायचे, लहानपणी मला राजदूतच्या टाकीवर बसवून न्यायचे. पटात जोडी घड्याळाशी पळते, निकाल सेकंदाच्या तुकड्यावर. मी दोरीखालून पुढे सरकायचो. बाबा कॉलर धरून मागे ओढायचे. “जोडी पाहायची असन तर दोरीच्या अलीकडं उभा राह्यजो. पलीकडं गेला का तू जोडीले नाही पाहत, जोडी तुले पाह्यते.”

त्या पटावर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली. बैलांचे हाल होत होते ही गोष्ट खोटी नव्हती. पराणी टोचलेल्या बैलांच्या जखमा बाबांनी स्वतः धुतल्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते, पराणी-काठी बंद. जोडी हाकणारे धुरकरी कुरकुरतात, पण जोड्या पळत आहेत. जित्या जनावरासाठी हे जमते, तर लोखंडाच्या राजदूतसाठी काहून जमत नाही?

कायद्याची बाजूही पाहून घेतली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी संमतीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या पोराने हे वाचावे. मी शर्यत मागतच नाही. नुसते चालवून दाखवणे मागतो.

दुसरा नियम मात्र मला बोचतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल तर विंटेज. नंबरात ‘व्हीए’ अक्षरे मिळतात, दहा वर्षांची नोंदणी, फी २०,००० रुपये. मग ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची. रोजच्या कामाला नाही.

बाबांची राजदूत १९७४ ची. एस्कॉर्ट्सची, १७३ सीसी, तीन गिअर, मूळ नमुना पोलंडच्या एसएचएल गाडीचा. २०२४ मध्ये ती हिशेबाने विंटेज झाली. मी घरी फी सांगितली तर आई म्हणाली, “वीस हजारात त गोऱ्हा येते बापा. अन् नंबर घेऊन वावरात नाही न्यायची, मंग कायले पाह्यजे थो नंबर?” तिला उत्तर देता आले नाही. शिवाय मूळ रूपाचे काय? चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको म्हणतात. बाबांनी तीनदा बोअर करून मोठा पिस्टन टाकला, गावोगावच्या अडलेल्या गाई सोडवायला रात्री-अपरात्री जाणारी गाडी, दुसरे काय करणार? सध्या साधे पासिंगच चालू ठेवले आहे. त्याचीही दुचाकीची फी २०२२ मध्ये तीनशेवरून हजारावर गेली, पुढे आणखी वाढली.

तिला आठवड्यातून एकदा वावरात नेतोच. मागच्या गुरुवारी वाटेतल्या गावात एका घरासमोर गाडी हळू केली तर आतून म्हातारी ओरडली, “पाय रे कोन आलं, डॉक्टर आले वाट्टे.” बाबांना जाऊन सहा वर्षे झाली. मी आत गेलो, मी कोण ते सांगितले. तिने चहा पाजला आणि १९९० च्या आसपास मेलेल्या एका कपिला गाईची अख्खी हकिकत सांगितली. ग्रुपवरच्या भाऊंनी सांगावे, पटांगणात उभ्या गाडीने हे झाले असते का?

आता माझे म्हणणे. रविवारी करा, बाजाराचा दिवस नको. थंडीत करा, मार्च लागला की आमच्याकडे माणूसही तापतो आणि सिलिंडरही. सकाळी सात ते नऊ. जिनिंगपासून मार्केट यार्डापर्यंतचा रस्ता सरळ आहे, फाटे दोनच, दोन्हीकडे बंडी आडवी लावली की बंद. एका वेळी एकच गाडी सोडायची, ती टोकाला पोचली की दुसरी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात जाऊ द्या, तिला वारा लागू द्या. हेल्मेट सगळ्यांना, टोपीवाल्या बुवांनाही. वळणावर कुटाराची पोती भरून लावा, सोयाबीन निघाल्यावर कुटाराला काय तोटा? लोक दोरीच्या अलीकडे. ॲम्ब्युलन्स एक. डीजे नाही. त्याऐवजी माइकवर एखादा जुना मिस्त्री बसवा, गाडी निघताना त्याने दोन वाक्ये सांगावी.

रेस कार आपल्याकडे कुठून येणार, हे मलाही कळते. पण शोधली तर येझदी निघतील, विजय स्कूटर निघेल, विलिस जीप निघेल. एका गावात आरडी ३५० आहे म्हणतात, मालक कोणाला दाखवत नाही. मद्रासकडे शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर एके काळी रेस व्हायच्या. तसली एखादी गाडी नागपूरकडून कोणी आणली तर तिला शेवटी सोडा, म्हणजे लोक थांबतील.

धुराचे म्हणाल तर धूर होतो, नाही म्हणत नाही. वर्षातून दोन तास. वाळल्या पऱ्हाट्या वावरात पेटवतो तेव्हा कोणी ग्रुपवर लिहीत नाही.

पोलीस स्टेशनला अर्ज दिला आहे. साहेब म्हणाले, “पाहू.” लुनावाल्या बुवांनाही विचारले. गुडघ्याला पट्टी होती, तरी म्हणाले, आरसा बसवून दे, मी पहिल्या नंबरवर येतो. आरसा मिळाला, जुन्या बाजारात, ऐंशी रुपयात.

आणि एक काम होते. राजदूतचा पॉइंट सेट झिजला आहे, नवा म्हणून जो मिळतो तो आठ दिवसांत बसतो. कोणाच्या पेटीत जुना पडून असेल, किंवा मिकोचा न वापरलेला प्लग असेल, तर मेसेज करा. रोख देईन, उधारी सांगणार नाही.