खड्ड्याच्या काठावर कोणी उभं राहायचं?

ठाण्याच्या किल्ल्यात १७८७ साली नव्या बांधकामाचा पाया खणत होते. खणताना तांब्याचे कोरलेले पत्रे सापडले. कुणी ते वितळवून भांडी केली नाहीत, ते जाणकारांच्या हाती पोचले आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या शोधनिबंधांच्या पहिल्याच खंडात त्यांचा अनुवाद छापून आला. शके ९३९, म्हणजे इसवी सन १०१७. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अरिकेसरी राजाचं दानपत्र. आपण ‘श्रीस्थानक, श्रीस्थानक’ म्हणून ज्या ठाण्याचा अभिमान मिरवतो, त्याचा हजार वर्षांपूर्वीचा एक लेखी पुरावा असा पायाच्या खड्ड्यातून वर आला.

गेला महिनाभर ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण आज ठाण्यात जितके खड्डे खणले जातायत तितके या गावाने आजवर कधी पाहिले नसतील. नौपाड्यात माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत पाच इमारती पाडून झाल्यात. जुन्या घराचा पाया पुरुषभर खोल असायचा. आता गाड्या लावायला दोन-दोन तळघरं खणतात. माती डंपरमध्ये भरून रात्रीतून खाडीकडे जाते. त्या मातीत काय होतं ते बघायला काठावर कुणी उभं नसतं.

आमच्या इतिहास मंडळात मी नऊ वर्षं जातेय. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका ओळखीच्यांच्या क्लासच्या खोलीत पंधरा-वीस जण जमतो. निवृत्त शिक्षक, दोन आर्किटेक्ट, एक पोस्टमन, कॉलेजची चार मुलं, आणि बँकेतून निवृत्त झालेली मी. मागच्या बैठकीत पुढच्या वर्षाचे कार्यक्रम ठरवायचे होते. फळ्यावर अकरा सूचना आल्या. त्यातल्या आठ ‘हेरिटेज वॉक’च्या. मी विरोध केला आणि आवाज थोडा चढला. ज्यांना ते लागलं असेल त्यांची इथेही माफी मागते. पण मुद्दा मागे घेत नाही.

वॉक वाईट असतो असं मी म्हणतच नाही. मी स्वतः मंडळात आले ती अशाच एका रविवारच्या फेरीमुळे. तलावपाळीला जमलो होतो. रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमारास बांधलेलं कौपिनेश्वराचं देऊळ, तिथून पुढे बेने इस्रायली ज्यू समाजाचं १८७९ चं सिनेगॉग, मग कारागृहाची भिंत. त्या भिंतीपाशी उभं राहून आमच्या सरांनी सांगितलं, की इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली इथेच फाशी दिलं, आणि नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही. मी त्याच भिंतीवरून वीस वर्षं रिक्षाने बँकेत गेले होते. त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. वॉकचं हे देणं मी विसरलेले नाही.

पण वॉक म्हणजे आधी कुणीतरी जमवलेलं दुसऱ्यांना वाढणं. जमवायचं कुणी?

तीन वर्षांपूर्वीचं सांगते. घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गावठाणात पिंपळाखाली एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरलेला दगड. झिजलेला, शेंदराने माखलेला, पण खालच्या चौकटीतली लढाई आणि अगदी वरची शिवलिंगाची पूजा नीट कळायची. मधल्या चौकटीत वीराला वर नेणाऱ्या अप्सरा असतात, त्या चाचपून बघाव्या लागत. आम्ही तिथे दोनदा वॉक नेला. मग रस्तारुंदीचं काम आलं. पिंपळ गेला, पार गेला, दगडही गेला. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “मॅडम, दगड किती उंच होता? नेमका कुठे होता? कुठल्या सर्व्हे नंबरात?” माझ्या मोबाइलमध्ये त्या वीरगळाचे चाळीस फोटो होते. सगळ्यांत आम्ही होतो, हसत उभे. एकातही शेजारी पट्टी धरलेली नव्हती. उंची कुणी मोजली नव्हती. जागा कुणी टिपली नव्हती. जो दगड कागदावर कधी आलाच नाही, तो हरवल्याची तक्रार तरी कशी नोंदवणार?

त्या दिवसापासून मला वाटतं, की मंडळाचं पहिलं काम नोंदवही. बाकी सगळं तिच्या मागून.

नोंद म्हणजे काय, तेही सांगते. लोकांना वाटतं हे तज्ज्ञांचंच काम आहे. उंची, रुंदी, जाडी. दगड कुठला, काळा की तांबूस. तोंड कुठल्या दिशेला. आसपास काय आहे, विहीर, तळं, वेस, देऊळ. गावातले लोक त्याला काय म्हणतात. पूजा कोण करतं, कधी करतं. फोटो समोरून आणि चारी बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. जीपीएसवरची जागा. तारीख, आणि नोंद करणाऱ्याचं नाव. दोन माणसांना एका दगडाला तास पुरतो.

अक्षरं असतील तर मात्र घाई चालत नाही. ठसा घ्यायचा तर दगड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा, ओला हातकागद त्यावर बसवायचा, ब्रशने हळूहळू ठोकत कागद अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, आणि कागद सुकत आला की वरून शाई टेकवायची. शाई उंचवट्यावर बसते, खाच पांढरी राहते. दगडावर कधीच न दिसलेली ओळ कागदावर उमटते तेव्हा आमच्यातली बोलकी माणसंसुद्धा गप्प होतात. पण हे जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकूनच करायचं. आणि जिथे देवाची पूजा चालते तिथे शेंदराला हात लावायचा नाही म्हणजे नाही. तिथे अंधार पडल्यावर जायचं आणि टॉर्च अगदी बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटवून धरायची. सावलीत अक्षरं उठतात. दुपारी कोरा वाटलेला दगड रात्री बोलायला लागतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

अशाच एका संध्याकाळी एक आजी आमच्यावर चिडल्या होत्या. “आमच्या देवाला बॅटऱ्या कशाला मारतासा?” त्या दगडावर वर चंद्र-सूर्य होते आणि खाली गाढव आणि बाई यांचं अश्लील वाटणारं चित्र. गद्धेगाळ. घरातल्या तरुण मुलांना त्या चित्राची लाज वाटत होती, दगड हलवायचं घाटत होतं. आम्ही पारावर बसलो. त्यांना सांगितलं, की आजी, हा एका जमिनीच्या दानाचा कागद आहे, फक्त दगडावर लिहिलेला. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं, आणि जो मोडेल त्याला खालची शिवी. राजाचं राज्य गेलं तरी दान टिकावं म्हणून ही धमकी. आजी बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी यो आमचा सातबारा हाय.” नऊ वर्षांत गद्धेगाळाची इतकी नेमकी व्याख्या मी कुणाकडून ऐकलेली नाही. दगड अजून तिथेच आहे, कारण आता घरच्यांनाच तो हवाय.

म्हणूनच मला आणखी एक गोष्ट खटकते. आमच्या मंडळात नौपाडा, चरई, पाचपाखाडी भरपूर आहे. चेंदणी कोळीवाडा, बाळकुम, कोलशेत, माजिवडा जवळजवळ नाही. ज्या आगरी-कोळी घरांनी हे दगड शेंदूर लावून, फुलं वाहून इतकी शतकं सांभाळले, त्यांच्याकडे आपण पाहुण्यासारखे जातो आणि माहिती घेऊन परत येतो. बैठक त्यांच्या अंगणात का होऊ नये?

आणि इतिहास शिलाहारांपाशी थांबत नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे आपल्या पोरांनाही पाठ असतं. पण वागळे इस्टेट? १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झालं, आणि त्याचं काम तिथून सुरू झालं. तिथे तीस-तीस वर्षं पाळ्या केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांची हजेरी कार्डं, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनची पत्रकं, कॅन्टीनचे कूपन रद्दीत चाललेत. कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. ताम्रपट हजार वर्षं मातीत टिकला, हा कागद दहा वर्षंही टिकणार नाही. आमच्यातल्या पोस्टमनकाकांनी स्वतःहून चौदा जणांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. वर्षभरातलं मंडळाचं सगळ्यात मोलाचं काम मी तेच मानते.

थोडं कटूही बोलते. दर महिन्याला कुणीतरी विचारतं, किल्ल्यातून घोडबंदरपर्यंत भुयार आहे ना? अमुक देवळात शिवाजी महाराज येऊन गेले ना? महाराष्ट्रात जुनी भिंत तिथे भुयार, हे ठरलेलंच आहे. लोकांना दुखवू नये म्हणून आपण ‘असं म्हणतात’ म्हणतो, आणि पुढच्या आठवड्यात तेच व्हॉट्सअॅपवर मंडळाच्या नावाने फिरतं. मला हे पटत नाही. ‘पुरावा नाही’ हे दोन शब्द प्रेमाने पण स्पष्ट म्हणायला हवेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं त्यांनी उघडली, ती कागद हवे होते म्हणून. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं तेही कागद जमवायला आणि तपासायला.

आता खड्ड्यांकडे परत येते. बिल्डरांना भीती वाटते, की काही सापडलं तर काम अडकेल, म्हणून सापडलेलं गुपचूप भरावात जातं. कायदा काही आजचा नाही. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असं १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेष कायदाही आहे. पण कायदा काठावर उभा राहत नाही, माणूस राहतो. मंडळातल्या दोघा आर्किटेक्टना मी म्हटलं, तुमच्या ओळखीतल्या साइट सुपरवायझरना फक्त आपला नंबर द्या. तक्रार करायला नाही, बघायला येतो म्हणून सांगा. सात जणांना दिला.

गेल्या मंगळवारी त्यातल्या एकाचा फोन आला. “ताई, कायतरी शिक्का असलेलं निघालंय.” आम्ही तिघं गेलो. मंगलोरला कौलांचे कारखाने चालवणाऱ्या बासल मिशनच्या शिक्क्याची मंगलोरी कौलं होती, आणि त्यांच्याखाली चुन्यात बांधलेल्या भिंतीचा हातभर तुकडा. खजिना नव्हता. पण त्या प्लॉटवर आधी कौलारू घर होतं, भिंत चुन्याची होती, कौलं कुठून आली होती, एवढं त्या खड्ड्याने सांगितलं. मोजमापं घेतली, पट्टी ठेवून फोटो काढले, एक कौल मागून घेतलं. नोंदवहीतली ती त्रेसष्टावी नोंद. सुपरवायझर आमच्या मागे उभा राहून सगळं बघत होता. निघताना त्याने विचारलं, “पलीकडच्या कोपऱ्यात गुरुवारी खणणार हाये. येणार का?”

गेलो. काही निघालं नाही. तीही नोंद केली.

पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमांवर मतदान येत्या रविवारी चार वाजता आहे. वॉक तीन ठेवा, बाकीचे रविवार मोजपट्टी आणि वही घेऊन बाहेर पडू, ही माझी सूचना आहे. सभासद नसलात तरी या. घरात कुणाची जुनी हजेरी कार्डं असतील, मोडीतला एखादा कागद असेल, पाडलेल्या वाड्याचा फोटो असेल, तर तो घेऊन या. आम्ही ठेवून घेणार नाही, नोंद करून तिथेच परत देऊ. पत्ता हवा असेल त्यांनी मला मेसेज करा.