सोफ्यावरचा फवारा आणि जिन्यातली कपाटे

मुंबईत मोठी आग लागली की काही आठवडे फायर ऑडिटची चर्चा जोरात चालते आणि मग थंडावते. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जणांचा बळी गेला, तेव्हाही तसेच झाले होते. आता दादरच्या आमच्या सोसायटीत एक नवा ठराव चर्चेला आला आहे. प्रत्येक घरातील सोफे, गाद्या आणि पडदे यांवर ज्वालारोधक रसायनाचा फवारा सक्तीने मारून घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. माझा मुक्काम कॅलिफोर्नियात असल्याने ‘तुमच्या कॅलिफोर्नियात हे केव्हाच झाले आहे,’ असे सचिवांनी मला कळवले. झाले होते हे खरे. पण तो नियम पुढे का बदलावा लागला, हेही सभासदांना कळायला हवे.

कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये ‘टीबी ११७’ नावाचे मानक लागू केले. सोफ्यातील उघड्या फोमने छोट्या ज्योतीसमोर १२ सेकंद तग धरावा, अशी त्यातली एक कसोटी होती. ती पार करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे फोममध्ये ब्रोमीनयुक्त रसायने, विशेषतः पीबीडीई, मिसळणे. ही रसायने फोमशी रासायनिक बंधाने जोडली जात नाहीत; ती हळूहळू बाहेर पडतात आणि घरातल्या धुळीत साठतात. रांगते मूल दिवसभर जमिनीवर हात टेकवते आणि तेच हात तोंडात घालते, त्यामुळे या धुळीतला मोठा वाटा त्याच्याच पोटात जातो.

या धुळीची चिंता का करावी, याचे उत्तर प्रयोगशाळेतील पिल्लांनी दिले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात पेर एरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा दिवसांच्या उंदराच्या पिल्लांना पीबीडीईची एकच मात्रा दिली आणि ती मोठी होईपर्यंत वाट पाहिली. निरोगी उंदीर नव्या पिंजऱ्यात सोडला की आधी खूप हिंडतो आणि तासाभरात सरावून शांत होतो. मात्रा मिळालेले उंदीर सुरुवातीला मंद असत आणि शेवटी, जेव्हा शांत व्हायचे, तेव्हा हिंडत राहत. वय वाढले तसा हा बिघाड कमी न होता वाढला. २००१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतरच्या प्रयोगांत असेही दिसले, की मात्रा १९ व्या दिवशी दिली तर असा परिणाम होत नाही. म्हणजे रसायन किती गेले याइतकेच ते केव्हा गेले यालाही महत्त्व आहे. उंदराच्या मेंदूच्या झपाट्याच्या वाढीचा काळ जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत येतो; माणसात तो गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून साधारण दुसऱ्या वर्षापर्यंत चालतो.

यामागे एक कारण थायरॉइडचे असावे, असे मानले जाते. पीबीडीईची शरीरात तयार होणारी काही रूपे थायरॉक्सिन या थायरॉइडच्या संप्रेरकासारखीच दिसतात आणि ते रक्तातून वाहून नेणाऱ्या प्रथिनाला चिकटतात. उंदरांत या रसायनांमुळे थायरॉक्सिनची पातळी घसरते. चेतापेशींची वाढ आणि त्यांचे स्थलांतर याच संप्रेरकाच्या भरवशावर चालते.

उंदरांना दिलेल्या मात्रा घरातल्या धुळीतून मिळणाऱ्या मात्रेपेक्षा खूप मोठ्या होत्या, हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. परंतु कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील शेतमजूर कुटुंबांच्या दीर्घकालीन अभ्यासात, गर्भारपणी रक्तात पीबीडीई अधिक असलेल्या आईंच्या मुलांचे अवधान आणि बुद्ध्यंक तुलनेने कमी आढळले (२०१३). अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण प्राणी आणि मुले एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर सक्ती करणाऱ्याने तरी थांबून विचार करावा.

पीबीडीई मागे पडल्यावर त्यांची जागा ज्यांनी घेतली, त्यांत क्लोरीनयुक्त ‘ट्रिस’ होते. हे तेच रसायन, जे १९७० च्या दशकात मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतून काढून टाकले गेले होते! पुढे झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांवर आणि पेशींवर केलेल्या प्रयोगांत त्याच्याविषयीही मज्जासंस्थेच्या शंका निघाल्या. म्हणून विक्रेता ‘आमचे रसायन नवे आहे’ असे म्हणतो, तेव्हा मला त्यात दिलासा वाटत नाही.

२०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने ज्योतीची कसोटी काढून त्याऐवजी सोफ्याच्या वरच्या कापडावर जळती सिगारेट ठेवून पाहण्याची कसोटी आणली, कारण खऱ्या आगीत आधी कापड पेटते आणि तोवर ज्योत इतकी मोठी झालेली असते, की फोममधल्या रसायनाचा फारसा उपयोग होत नाही. त्यानंतर इथल्या सोफ्याखाली शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर ज्वालारोधक रसायने घातली आहेत की नाहीत, याची खूण करणे सक्तीचे झाले. माझ्या सोफ्यावर ‘नाहीत’ या चौकटीत फुली आहे.

भारतानेही २०२० मध्ये स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातील सात घातक रसायनांच्या बंदीला मान्यता दिली. त्यांत पीबीडीईचे काही प्रकार आहेत, ‘डेका’ हा प्रकार मात्र नाही. त्यामुळे फवाऱ्याच्या डब्यात काय आहे हे विक्रेत्याने लेखी दिल्याशिवाय ठराव मांडूच नये, असे मी सचिवांना लिहिले. त्याच पैशात जुनी वायरिंग बदलावी, मीटरच्या खोलीतील अडगळ हलवावी आणि जिन्यातली कपाटे काढावीत, असेही सुचवले. वायरिंगचे त्यांना पटले. कपाटांना दुसऱ्या मजल्यावरच्या दोन सभासदांचा विरोध असल्याने तो विषय पुढच्या सभेवर गेला आहे.